लांडग्याची साक्ष आणि इंग्रजीचा तास

परीकथा उलटीपालटी करून विनोदी ढंगात सांगायची आणि तिच्यातून इंग्रजीचे शब्द नि व्याकरण शिकवायचं, या पद्धतीवरून शिक्षकांमध्ये जो वाद चालतो तो बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नाभोवती घुटमळत राहतो. एक बाजू म्हणते, मुलं हसली की भीती जाते आणि भाषा आपोआप आत शिरते. दुसरी म्हणते, हसण्यात तास गेला, धडा तिथेच राहिला. त्यापेक्षा नियम सांगा आणि वीस वाक्यं सोडवून घ्या. दोघांचंही लक्ष हसण्यावर आहे, एकाला ते हवं आहे आणि दुसऱ्याला नको. पण हसू नेमकं कशाने आलं हे कोणी विचारत नाही, आणि सगळी मदार तर त्याच्यावरच आहे. लांडग्याने गॉगल लावला म्हणून वर्ग हसला, की लांडग्याने वाक्यातून स्वतःचं नाव गाळलं म्हणून हसला? पहिल्या हसण्याचा इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. दुसरं हसू इंग्रजी कळल्याशिवाय येऊच शकत नाही.

माझं म्हणणं असं की, विनोदी पुनर्कथन हे व्याकरण शिकवण्याचं फार चांगलं साधन आहे, पण दोन अटींवर. विनोद त्या व्याकरणाच्या मुद्द्यावरच उभा असला पाहिजे, आणि गोष्ट शेवटी विद्यार्थ्याने स्वतः सांगितली पाहिजे. पहिल्या अटीची कसोटी सोपी आहे. वाक्यातला तो प्रयोग बदलून पाहा. विनोद मेला तर मजकूर कामाचा. विनोद जसाच्या तसा राहिला तर ते मनोरंजन आहे. त्याला हरकत नाही, पण त्याला व्याकरणाचा पाठ म्हणू नये.

एक उदाहरण जवळून पाहू. रेड रायडिंग हूडच्या गोष्टीतला, आजीला खाऊन तिच्याच कपड्यांत पलंगावर झोपलेला लांडगा न्यायालयात उभा आहे. न्यायाधीश विचारतात, त्या दिवशी काय घडलं? लांडगा सांगतो: ‘द डोअर वॉज ओपन्ड. द नाइटगाउन वॉज पुट ऑन. द लाइट वॉज टर्न्ड ऑफ. ग्रँडमा वॉज ईटन.’ न्यायाधीश क्षणभर थांबून विचारतात, ‘बाय हूम?’ वाक्यं चार, चारही शुद्ध आणि चारही खरी. लांडगा एक शब्द खोटं बोललेला नाही, त्याने फक्त स्वतःला वाक्यातून काढून घेतलं आहे. आता हीच साक्ष कर्तरी प्रयोगात लिहा: ‘आय ओपन्ड द डोअर. आय पुट ऑन द नाइटगाउन. आय टर्न्ड ऑफ द लाइट. आय एट ग्रँडमा.’ हा सरळ कबुलीजबाब झाला. घटना तीच, पात्रं तीच, शब्दही जवळपास तेच, पण गंमत गेली, कारण ती पॅसिव्हमध्येच, म्हणजे कर्मणी प्रयोगातच होती. ज्याला हे जाणवलं त्याला पॅसिव्ह व्हॉइस कशासाठी असतो हे कळलं. मराठी वाचणाऱ्याला तर ही युक्ती पाठ असते. ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’ या वाक्यांमध्ये निर्णय घेणारा आणि कारवाई करणारा कुठे दिसतो? तीच पळवाट लांडगा इंग्रजीत वापरतो.

याच्या शेजारी नेहमीचा सराव ठेवून पाहा. ‘राम रोट अ लेटर’ या वाक्याचं ‘अ लेटर वॉज रिटन बाय राम’ करा, अशी वीस वाक्यं. या सरावातून विद्यार्थी तीन गोष्टी शिकतो आणि तिन्ही चुकीच्या असतात. दोन्ही वाक्यांत काही फरक नाही, पॅसिव्ह म्हणजे तीच गोष्ट अवघड करून सांगणं, आणि शेवटी ‘बाय’ लावावाच लागतो. प्रत्यक्षात इंग्रजीतल्या बहुसंख्य पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतोच. कर्ता माहीत नसतो, किंवा सांगायची गरज नसते, किंवा तो लपवायचा असतो, म्हणून तर तो प्रयोग निवडलेला असतो. सिंड्रेलाच्या राजवाड्यातला शिपाई सांगतो, ‘अ शू वॉज फाउंड ऑन द स्टेअर्स’. बूट कोणाला सापडला याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. तीन डुकरांच्या गोष्टीतलं तिसरं डुक्कर भावाबद्दल म्हणतं, ‘हिज हाऊस वॉज बिल्ट ऑफ स्ट्रॉ’. मुद्दा गवताचा आहे, गवंड्याचा नाही. लांडगा मात्र मुद्दाम लपवतो. तीन पात्रं, तीन कारणं. नियम सांगण्याला माझा विरोध नाही. नियम सांगायलाच हवा आणि तो पाच मिनिटांत सांगून होतो. पण रूप कसं बनवायचं एवढंच सांगून ते का वापरायचं हे न सांगणारा सराव अर्धाच राहतो, आणि उरलेलं अर्धं वाक्यांची संख्या वाढवून भरून निघत नाही.

असे मुद्दे इंग्रजीत भरपूर आहेत. ‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ हा जोड घ्या. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात फक्त सक्ती नाही. विद्यार्थी वर्षानुवर्षं दोन्ही एकच समजतात, कारण होकारी वाक्यात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ सारखेच वाटतात. आता परी सिंड्रेलाला सांगते, ‘यू डोन्ट हॅव टू स्टे आफ्टर मिडनाइट.’ तिला म्हणायचं होतं ‘यू मस्ट नॉट स्टे’. सिंड्रेला व्याकरणात पक्की आहे. ती समजते, थांबलंच पाहिजे असं नाही, पण वाटलं तर थांबायला हरकत नाही. ती थांबते. बारा वाजता गाडीचा भोपळा होतो आणि घोडे उंदीर होऊन पळतात. दुसऱ्या दिवशीच्या भांडणात सिंड्रेला परीचंच वाक्य तिला परत ऐकवते. सगळं कथानक दोन शब्दप्रयोगांच्या फरकावर फिरतं. ज्याने ती गोष्ट एकदा नीट सांगितली, त्याला हा फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.

इथे मजकूर लिहिणाऱ्यासाठी एक कडक नियम आहे. विनोद दोन शुद्ध रूपांच्या टकरीतून आला पाहिजे, एका अशुद्ध रूपातून नव्हे. परीचं वाक्य प्रसंगाला चुकीचं आहे, पण व्याकरणाला बिनचूक आहे. मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा राक्षस लिहायला सोपा असतो आणि वर्ग त्याला हसतोही, पण शिकणाऱ्याच्या कानात ते मोडकं वाक्यच घर करून बसतं. शिवाय जो विद्यार्थी स्वतः तसंच बोलतो, त्याला आपल्यालाच हसले असं वाटतं आणि तो पुढच्या तासाला तोंड उघडत नाही.

गोल्डिलॉक्स नावाची मुलगी अस्वलांच्या घरात शिरून त्यांची पेज खाते, त्या तीन अस्वलांच्या गोष्टीत तर हे काम परंपरेनेच करून ठेवलं आहे. आज सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक रूपांत पहिली दोन अस्वलं म्हणतात, ‘समवन हॅज बीन ईटिंग माय पॉरिज’, आणि सगळ्यात धाकटं म्हणतं की कोणीतरी माझं ‘हॅज ईटन इट ऑल अप’. हा फरक उगाच आलेला नाही. पहिल्या दोन वाडग्यांत पेज उरली आहे, म्हणून क्रिया झाली पण संपली नाही असं सांगणारं रूप. तिसरा वाडगा रिकामा आहे, म्हणून संपलेल्या क्रियेचं रूप. दोन काळांमधला फरक वाडग्यात डोकावून दिसतो. विनोदी पुनर्कथनात अस्वलबाबा काळाबद्दल फार काटेकोर करावेत. ते घाईने ‘हॅज ईटन’ म्हणतात, आई वाडगा उचलून दाखवते, अर्धा भरलेला असतो, आणि बाबा ओशाळून वाक्य दुरुस्त करतात. मग बिछान्यापाशी, ‘समवन हॅज बीन स्लीपिंग इन माय बेड, अँड शी इज स्टिल हिअर!’ क्रिया अजून चालूच आहे. तीन वाडगे, तीन खुर्च्या, तीन बिछाने अशी एकाच रचनेची नऊ आवर्तनं ही गोष्ट न कंटाळवता करून घेते. कोणत्या सराववहीला हे जमतं?

आर्टिकलचा प्रश्न सगळ्यात चिवट, कारण मराठीसारख्या भाषेत ‘अ’ आणि ‘द’ यांना नेमका जोडीदार नाही. पलंगावरचा लांडगा म्हणतो, ‘आय एम अ ग्रँडमदर.’ हे खरंही असू शकेल. त्याच्या पिलांना पिलं झाली असतील, आजी की आजोबा एवढाच काय तो वाद. रेड रायडिंग हूड विचारते, ‘बट आर यू द ग्रँडमदर?’ एका अक्षराच्या फरकावर मुलीचा जीव अवलंबून आहे. ‘अ’ म्हणजे अनेकांतली कोणीतरी एक, ‘द’ म्हणजे आपल्या दोघांना ठाऊक असलेली ती एकच. व्याख्या देऊन झाल्यावरही हा फरक सुटून जातो. या प्रसंगात मात्र तो सुटला तर गोष्टच कळत नाही.

आता विरोधकांच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे. गोष्ट वाचून शब्द आपोआप येतात हा दावा टिकत नाही, आणि हे गोष्टीच्या बाजूच्या लोकांनी सरळ मान्य करायला हवं. रॉब वेअरिंग आणि मिसाको ताकाकी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकणाऱ्यांना सोप्या इंग्रजीतलं एक कथापुस्तक वाचायला दिलं होतं आणि त्यातल्या २५ शब्दांच्या जागी बनावट शब्द घातले होते, म्हणजे आधीची ओळख आड येऊ नये. वाचून झाल्याबरोबर अर्थ विचारला तेव्हा सरासरी पाचाहून थोडे कमी शब्द सांगता आले. तीन महिन्यांनी सरासरी एक शब्द उरला. आणि जे शब्द आठपेक्षा कमी वेळा भेटले होते, त्यांचे अर्थ तीन महिन्यांनी जवळजवळ कोणालाच आठवले नाहीत. एवढं समोर असताना ‘हसतखेळत आपोआप’ हे शब्द जपूनच वापरायला हवेत.

पण या निष्कर्षातून गोष्ट सोडून द्या असं निघत नाही, गोष्टीवर परत परत या असं निघतं. शब्द आठेक वेळा भेटायला हवा, तर तेवढ्या भेटी कुठे घडवायच्या? यादी आठ वेळा वाचायला कोणी बसत नाही. गोष्ट मात्र एकदा साधी ऐकता येते, एकदा उलटी वाचता येते, लांडग्याच्या बाजूने सांगता येते, आजीच्या बाजूने लिहिता येते, आणि दर वेळी तेच शब्द नव्या कारणाने लागतात. ‘स्वॉलो’ (गिळणं) हे क्रियापद लांडग्याच्या तोंडी नकारात येतं, आजीच्या तोंडी तक्रारीत आणि डॉक्टरांच्या तोंडी प्रश्नात.

मजकूर लिहिताना गणित मात्र नीट करावं लागतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. हू आणि पॉल नेशन या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार कथा आधाराशिवाय पुरेशी समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात; ८० टक्क्यांवर एकालाही पुरेसं आकलन झालं नव्हतं. चारशे शब्दांच्या मजकुरात ९८ टक्के म्हणजे अनोळखी जागा फक्त आठ. शिक्षक आठ नवे शब्द निवडतात आणि गणित जमलं असं समजतात. पण प्रत्येक शब्द तीनदा आला की अनोळखी जागा झाल्या चोवीस, म्हणजे ६ टक्के. मग वर्ग शब्दार्थात अडकतो आणि विनोद उशिरा कळतो, म्हणजे कळतच नाही. उपाय असा, की आठांपैकी सहा शब्द उलटी गोष्ट सुरू होण्याआधीच साध्या गोष्टीत हावभावांसह सांगून टाकायचे आणि फक्त दोन संदर्भावर सोडायचे. दोन शब्द तीनदा म्हणजे सहा जागा, दीड टक्का. एवढं वाचणारा पेलतो.

शब्द कोणते, यातही परीकथेवरचा आक्षेप खरा आहे. चात्या, कढया, चेटकिणी, राजदंड यांची इंग्रजी नावं शिकून विद्यार्थी ती वापरणार कुठे? पण हे शब्द नामांत साठलेले असतात. कथा ज्यावर चालते ती क्रियापदं रोजचीच असतात. नॉक, वॉर्न, प्रिटेंड, प्रॉमिस, कम्प्लेन, अपॉलोजाइज. उलट्या गोष्टीत न्यायालय आणलं की आणखी एक कुळी मिळते: डिनाय, अ‍ॅडमिट, रिफ्यूज, इन्सिस्ट. यांच्यात शब्द आणि व्याकरण वेगळं करताच येत नाही. लांडगा ‘डिनाइड ईटिंग ग्रँडमा’, आणि लांडगा ‘रिफ्यूज्ड टू आन्सर’. ‘डिनाय’नंतर आयएनजी, ‘रिफ्यूज’नंतर टू. म्हणून चाती काढून टाकावी आणि नकार ठेवावा. आणखी एक फायदा आहे. थॉमस टिंकम यांनी १९९३ आणि १९९७ साली दाखवलं की एकाच जातीचे नवे शब्द, म्हणजे सगळे रंग किंवा सगळी फळं, एकदम शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि जास्त वेळ घेतात. एका प्रसंगाने बांधलेले वेगवेगळ्या जातीचे शब्द सोपे जातात. दार, ठोठावणं, पांघरूण, घोगरा, ढोंग करणं हे शब्द एका जातीचे नाहीत, एका प्रसंगाचे आहेत. गोष्ट शब्दांना अशीच बांधते, पाठ्यपुस्तकातली ‘फळांची नावं’ ही चौकट तसं करत नाही.

दुसरा वजनदार आक्षेप असा, की विनोद लक्ष खेचतो आणि शिकायचं ते बाजूला पडतं. हाही खरा आहे, आणि याला आधारही आहे. स्टीफन श्मिट यांच्या १९९४ च्या प्रयोगांत विनोदी आणि साधी वाक्यं एकत्र दिली तेव्हा विनोदी वाक्यं जास्त लक्षात राहिली, पण शेजारच्या साध्या वाक्यांच्या आठवणीला त्याची किंमत मोजावी लागली. म्हणजे विनोद एकीकडे आणि शिकवायचं वाक्य दुसरीकडे असेल, तर विनोद शिकवण्याच्या विरुद्ध काम करतो. गॉगलवाला लांडगा नुसता निरुपयोगी नाही, तो नुकसान करतो. कॅप्लन आणि पास्को यांनी १९७७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकाच विषयावरची गंभीर आणि विनोदी व्याख्यानं ऐकवली. लगेच घेतलेल्या चाचणीत विनोदाने काही साधलं नाही. सहा आठवड्यांनी मात्र, जिथे विनोदी उदाहरण संकल्पनेवरच बेतलेलं होतं, तो भाग जास्त लक्षात राहिलेला आढळला. भाषेचा वर्ग आणि मानसशास्त्राची प्रयोगशाळा एक नव्हे, हे मान्य. पण या दोन्ही अभ्यासांचा कल एकाच बाजूला आहे: विनोद कशाला चिकटवला आहे त्यावर सगळं ठरतं.

या वादात पंचतंत्राचा दाखला हमखास निघतो. विष्णुशर्म्याने राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत गोष्टींतून शहाणं केलं, तेव्हा गोष्टीतून सगळं शिकवता येतं, असा युक्तिवाद. तो इथे लागू पडत नाही. ती मुलं गोष्टींची भाषा शिकत नव्हती, नीती शिकत होती. भाषेसाठी जवळचा दाखला रोमचा आहे. पहिल्या शतकातल्या क्विंटिलियनने वक्तृत्वशिक्षणावरच्या ग्रंथात सांगितलं आहे की मुलांनी इसापच्या कथा आधी साध्या शुद्ध भाषेत सांगाव्यात, मग लिहाव्यात. आणि पद्य असेल तर ते मोडून, शब्द बदलून, कुठे आटोपून कुठे फुलवून आपल्या शब्दांत मांडावं. ऐकून थांबायचं नाही, परत सांगायचं. सोळाव्या शतकातला डच विद्वान इरॅस्मस याने याच्या पुढची पायरी गाठली. विद्यार्थ्यांना बोलण्याची लॅटिन यावी म्हणून त्याने रचलेले संवाद १५१८ मध्ये छापून आले आणि पुढच्या आवृत्त्यांत ते अधिकाधिक खुसखुशीत होत गेले. १५२६ मध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्यांचा निषेध केला. का? उपास, नवस आणि यात्रांची थट्टा मुलांना बिघडवील म्हणून. त्यातून लॅटिन येत नाही असं त्यांचं दुखणं नव्हतं. त्याच इरॅस्मसने १५१२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ‘तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला’ हे एकच वाक्य शंभराहून अधिक तऱ्हांनी फिरवून दाखवलं आहे. हास्यरसाचा पुरस्कर्ता आणि सरावाचा कट्टर भक्त हा एकच माणूस होता. मग आज या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी कशा झाल्या?

वर्गात हे कसं बसवायचं ते आता थोडं तपशिलाने. आधी साधी गोष्ट, दीडशे शब्दांत, पाच-सात मिनिटं. ही पायरी गाळली की सगळं कोसळतं, कारण मूळ ठाऊक नसेल तर उलटं केल्याची गंमत कशी कळणार? मग साडेतीनशे-चारशे शब्दांचा उलटा मजकूर, शिक्षकाने मोठ्याने वाचलेला, व्याकरणाचा मुद्दा एकच. दोन मुद्दे घातले की एकही लक्षात राहत नाही. विनोद समजावून सांगायचा नाही. कळला नाही तर ‘बाय हूम?’ हा प्रश्न वर्गालाच विचारायचा. दुसऱ्या तासाला रूथ वाजनरिब यांनी १९९० मध्ये मांडलेली डिक्टोग्लॉसची पद्धत वापरावी. लांडग्याच्या साक्षीचा साठ-ऐंशी शब्दांचा भाग नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपायचे, मग तिघा-चौघांच्या गटांनी दहा-बारा मिनिटांत तो मजकूर पुन्हा उभा करायचा. जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादा गट ‘द वुल्फ एट ग्रँडमा’ लिहितो. अर्थ बरोबर, पण वाचून दाखवल्यावर कोणी हसत नाही, आणि आपण काय हरवलं ते गट स्वतःच शोधू लागतो. दुसरे श्मिट, रिचर्ड श्मिट, यांनी १९९० मध्ये मांडलं होतं की जे रूप लक्ष देऊन टिपलं जात नाही ते शिकलं जात नाही. न आलेलं हसू इथे ते टिपायला लावतं.

या टप्प्यावरची नेहमीची चूक म्हणजे ‘ग्रँडमा वॉज ईटन’च्या जागी ‘ग्रँडमा वॉज ईटिंग’. शेवटचा तुकडा बदलला आणि बळी पडलेली आजी जेवायला बसली. ही चूक येणार हे नक्की असतं, म्हणून ती मजकुरातच आधी पेरून ठेवावी. न्यायालयाचा कारकून नोंदीत ‘वॉज ईटिंग’ लिहितो आणि न्यायाधीश गंभीरपणे विचारतात, आजी काय खात होत्या? मग विद्यार्थ्याकडून तीच चूक झाली तर वर्गाला कारकून आठवतो, विद्यार्थी हसण्याचा विषय होत नाही. तिसऱ्या तासाला कथन बदलायचं: आजी पोटातून बोलते आहे, स्नो व्हाइटच्या गोष्टीतला बोलका आरसा राणीची नोकरी सोडण्याचा अर्ज लिहितो आहे, तिसरं डुक्कर गवत विकणाऱ्याला तक्रारीचं पत्र पाठवतं आहे. तपासताना लाल शाई फक्त शिकवलेल्या मुद्द्यालाच लावावी. बाकीच्या चुका वेगळ्या वहीत टिपून पुढच्या आठवड्याच्या मजकुराला वापराव्यात. सगळ्या चुका एकदम खुणावल्या की पुढच्या वेळी विद्यार्थी चार सुरक्षित वाक्यं लिहून मोकळा होतो.

मूळ कथेची मोडतोड होते ही तक्रार मात्र मला मान्य नाही. मूळ कथा म्हणजे कोणती? फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या आवृत्तीत लांडगा रेड रायडिंग हूडला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी येऊन तिला सोडवतो. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीने १८३७ मध्ये छापलेल्या तीन अस्वलांच्या गोष्टीत गोल्डिलॉक्स नाहीच, तिथे एक म्हातारी घुसते. या कथा बदलत बदलतच आपल्यापर्यंत आल्या आहेत.

प्रौढांना हे पोरकट वाटेल, हा आक्षेप त्यापेक्षा गंभीर आहे. प्रौढांसमोर राजकुमारी आणि चुंबन आणलं तर वाटेलच. पण साक्ष, तक्रार, विम्याचा दावा, नोकरी सोडण्याचा अर्ज हे प्रकार प्रौढांच्या आयुष्यातले आहेत, आणि त्यांची ठरावीक औपचारिक इंग्रजी शिकायला पडलेल्या घरासाठी विम्याचा अर्ज करणारं डुक्कर उत्तम उपयोगी पडतं. मुलांपेक्षा प्रौढांनाच इथली गंमत जास्त कळते, कारण त्यांनी तसे अर्ज भरलेले असतात. ज्यांना या युरोपीय कथा ठाऊकच नाहीत त्यांच्यावर त्या लादायचं कारण नाही. ससा आणि कासव घ्या, तहानलेला कावळा घ्या. हरलेला ससा ‘आय कुड हॅव वन’, ‘आय शुड नॉट हॅव स्लेप्ट’ असं स्वतःशी पुटपुटत घरी जातो, आणि घडून न गेलेल्या गोष्टींचं सगळं इंग्रजी त्याच्या पश्चात्तापात बसतं. कथा आधीपासून ठाऊक असणं एवढीच गरज आहे, कारण पुढे काय होणार हे माहीत असलं की लक्ष ते कसं सांगितलं आहे याच्याकडे मोकळं राहतं.

हे सगळं साधलं की नाही, हे हसण्यावरून ठरवू नये आणि गोष्टीवर प्रश्न विचारूनही ठरवू नये. दहा दिवसांनी, परीकथेचं नावही न काढता, एक काम द्यावं: वर्गाची खिडकी फुटली आहे, कोणी फोडली ते उघड करायचं नाही, मुख्याध्यापकांना चार वाक्यांत कळवा. ज्यांनी ‘बाय’ न जोडता ‘द विंडो वॉज ब्रोकन’ लिहिलं त्यांना रूप आणि उपयोग दोन्ही आले. ज्यांनी ‘समवन ब्रोक द विंडो’ लिहिलं त्यांचं वाक्य शुद्ध आहे, पण प्रयोग निवडायची सवय अजून लागलेली नाही. त्यांना दुसऱ्या एखाद्या पात्राची साक्ष लिहायला द्यावी. आणि ज्यांनी ‘वॉज ब्रोक’ लिहिलं त्यांना नवी गोष्ट देऊन काही उपयोग नाही. त्यांना क्रियापदाची तिन्ही रूपं येत नाहीत. त्यांच्याकडून दहा-दहा क्रियापदांचा तक्ता पाठ करून घ्यावा, आणि गोष्टीच्या बाजूच्या शिक्षकांनी ते करताना कमीपणा मानू नये.